जुना लॅपटॉप आणि जंगलाचा मोठा नकाशा

पंधरा इंची पडदा, त्यावर १३६६ × ७६८ पिक्सेल आणि त्यात नकाशे बनवायचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर उघडलेले. डावीकडे थरांची यादी, वर अवजारांच्या दोन-तीन ओळी, खाली अक्षांश-रेखांशांची पट्टी. मधे नकाशाला उरते ती शाळकरी वहीच्या पानाएवढी जागा. त्या जागेत वनखात्याचे कक्ष क्रमांक वाचता येतील इतके जवळ गेले की गावाची शीव पडद्याबाहेर जाते. शीव पुरी दिसावी म्हणून मागे आले की नाला कुठे वळतो ते कळत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत सामूहिक वनहक्काच्या कामात मी जे लॅपटॉप पाहिले, ते बहुतेक असेच होते. आधी कुठल्याशा कंपनीत चार-पाच वर्षे राबलेले, मग दुकानात साफसूफ होऊन ग्रामसभेच्या किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या हाती आलेले.

मग कोणीतरी मोठा मॉनिटर आणतो. सत्तावीस इंची, खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलेला. तो जोडला की तीनपैकी एक गोष्ट घडते. चित्र येते पण धूसर असते. चित्र स्वच्छ येते पण माऊसचा बाण अडखळत सरकतो. किंवा सिग्नल नाही, अशी पाटी तरंगत राहते. ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ असा निकाल तिथेच लागतो. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. म्हणून या प्रश्नाची सगळी साखळी एकदा नीट पाहिली पाहिजे. लॅपटॉपातली चित्र-चिप, बाहेरचे पोर्ट, मधले अडॅप्टर, केबल आणि मॉनिटरचे स्वतःचे पोर्ट यांतला सर्वांत कमजोर दुवा जेवढे वाहून नेईल, तेवढेच पडद्यावर उतरते.

आधी आकडे. १३६६ × ७६८ म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर, म्हणजे १९२० × १०८० वर, पावणेएकवीस लाख. २५६० × १४४० वर जवळपास ३७ लाख आणि फोर-केच्या ३८४० × २१६० वर ८३ लाखांच्या घरात. म्हणजे त्या जुन्या पडद्याच्या आठपट. हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचे असतात. एका ठिपक्याला २४ बिट धरले तर फोर-केसाठी सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती केबलमधून जावी लागते.

एवढ्या पिक्सेलांची गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. पत्रे टंकणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला ती नाही. त्यांनी चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर घ्यावा आणि पुढचे सगळे वाचण्याचा त्रास वाचवावा. नकाशा करणाऱ्याला मात्र ती खरोखर आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका जमिनीवरचे १० मीटर दाखवतो. चित्रातला एक ठिपका पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बसवला, तर जुन्या पडद्यावर साडेतेरा किलोमीटर रुंद आणि पावणेआठ किलोमीटर उंच एवढा मुलूख मावतो, तोही सगळ्या पट्ट्या झाकल्या तर. २५६० × १४४० वर हाच मुलूख २५.६ बाय १४.४ किलोमीटरचा होतो आणि फोर-केवर ३८.४ बाय २१.६ किलोमीटरचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो सुमारे १८०० हेक्टरांवर, म्हणजे १८ चौरस किलोमीटरवर. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १००६ हेक्टरांचा मिळाला. एवढे क्षेत्र, त्याला लागून असलेल्या गावांच्या शिवा आणि वनखात्याचे कक्ष हे सगळे एका नजरेत दिसले तर सीमेचा वाद कुठे आहे ते पटकन कळते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचे काम करणाऱ्याचा व्याप तर ६२५ चौरस किलोमीटरांचा.

ताडोबावरून दुसरे काम आठवते, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंचे. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यातून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून. जुळवणी सॉफ्टवेअर करते, पण शेवटची खात्री माणसाच्या डोळ्यांनी होते. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा असतो. साडेदहा लाख ठिपक्यांच्या पडद्यावर तो पुरा दाखवायचा तर त्यातले सुमारे पंधरा ठिपके एकात दाबावे लागतात. दोन फोटो शेजारी ठेवून उजव्या कुशीचे पट्टे ताडून पाहणाऱ्याला हे किती नडते, ते त्या टेबलाशी बसल्याशिवाय समजत नाही.

आता लॅपटॉपच्या कुशीतली भोके. सर्वांत ओळखीचे निळे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेले हे पोर्ट जुन्या लॅपटॉपवर हमखास असते आणि नेमके तेच या कामाला सर्वांत निरुपयोगी. त्यातून जाणारा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो. केबल लांब किंवा हलकी असली की अक्षरांच्या कडा फुटतात. फुल एचडीपर्यंत त्यावर भरवसा ठेवावा, पुढे नाही. नव्या मॉनिटरांवर ते सहसा नसतेही. त्यासाठी विजेवर चालणारा कनव्हर्टर लावावा लागतो आणि एवढे करून फार तर फुल एचडीच मिळते.

सगळा गोंधळ होतो तो एचडीएमआयमध्ये, कारण भोक तेच राहिले आणि आतले नियम बदलत गेले. सुरुवातीच्या आवृत्त्यांची वेगमर्यादा १६५ मेगाहर्ट्झ होती, म्हणजे १९२० × १२०० पर्यंत मजल. २००६ च्या १.३ आवृत्तीने ती ३४० वर नेली. २००९ च्या १.४ ने फोर-केला जागा दिली, पण सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच. ६० चित्रांचे फोर-के २०१३ च्या २.० आवृत्तीने आणले. बाहेरून पाहून यातले काही कळत नाही. त्यातही लॅपटॉपवर एचडीएमआय आहे म्हणजे त्या आवृत्तीची सगळी मर्यादा वापरता येते असे नाही. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांत, म्हणजे २०११-१२ च्या लॅपटॉपांत, लिनक्सचा ड्रायव्हर एचडीएमआयला २२५ मेगाहर्ट्झवर थांबवतो. २५६० × १४४० चे चित्र ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पाठवायला २४१.५ मेगाहर्ट्झ लागतात. थोडक्यासाठी गाडी चुकते.

इथे एक युक्ती चालते आणि ती मला फार मोलाची वाटते. तेच चित्र ६० ऐवजी ५५ हर्ट्झने पाठवायला सांगितले की गरज २२१ मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि मर्यादेत बसते. लिनक्सवर एक्सरँडर या आज्ञेने, विंडोजवर इंटेलच्या सेटिंगमधल्या ‘कस्टम रिझोल्यूशन’मध्ये हा आकडा भरता येतो. बहुतेक मॉनिटर तो मान्य करतात, एखादा नाही करत. ५५ आणि ६० यांतला फरक नकाशा करताना डोळ्यांना जाणवत नाही. बारा-चौदा वर्षांच्या लॅपटॉपवर ३७ लाख ठिपक्यांचे स्वच्छ चित्र फक्त सेटिंग बदलून मिळते.

चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ नंतर, इंटेलची एचडीएमआय मर्यादा ३०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. २५६० × १४४० सहज चालते. फोर-के मात्र ३० हर्ट्झनेच, कारण त्याला २९७ लागतात. हाच तो अडखळणारा बाण. स्थिर नकाशा नुसता पाहायचा असेल तर ३० हर्ट्झ चालून जाते. शिवेचे बिंदू एकेक करून टिपायचे असतील तर तासाभरात डोके दुखू लागते. मी ते करून पाहिले आहे आणि कोणालाही सुचवणार नाही. ६० हर्ट्झचे फोर-के एचडीएमआयमधून आपणहून देणारी इंटेलची चित्र-चिप २०१९ च्या दहाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांत आली, म्हणजे जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या लॅपटॉपांच्या नंतर.

पण कंपन्यांतून बाहेर पडलेल्या लॅपटॉपवर अनेकदा एक लहानसे पोर्ट असते, ज्याकडे कोणी पाहत नाही. मिनी डिस्प्लेपोर्ट. थिंकपॅडच्या टी४३०, टी४४०, टी४५० या मॉडेलांवर ते व्हीजीएच्या बरोबरीने आहे. टी४२० वर मोठ्या आकाराचे डिस्प्लेपोर्ट आहे. अ‍ॅपलने २००८ च्या अखेरीपासून मॅकबुकवर मिनी डिस्प्लेपोर्टच दिले. या पोर्टची क्षमता त्या काळच्या एचडीएमआयपेक्षा बरीच जास्त. १.१ आवृत्तीच सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र-माहिती नेते आणि २५६० × १४४० ला ६० हर्ट्झने सहापेक्षा कमी पुरतात. २०१० ची १.२ आवृत्ती १७.२८ गिगाबिट नेते. त्यात ६० हर्ट्झचे फोर-केही बसते. इंटेलच्या पाचव्या पिढीचा, २०१५ च्या सुमाराचा लॅपटॉप या छोट्या भोकातून फोर-के पूर्ण वेगाने देऊ शकतो, आणि त्याचाच एचडीएमआय असलेला भाऊ देऊ शकत नाही. वापरलेला लॅपटॉप विकत घ्यायची वेळ आली तर प्रोसेसर आणि रॅम यांच्याबरोबर ही कूस पाहून घ्या. माझ्या मते या कामासाठी ती रॅमइतकीच महत्त्वाची आहे.

डिस्प्लेपोर्टकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी सरळ केबल मिळाली तर प्रश्नच नाही. मॉनिटरवर फक्त एचडीएमआय असेल तर अडॅप्टर येते आणि त्याबरोबर नव्या अडचणी. स्वस्त, आत रूपांतर करणारी चिप नसलेले अडॅप्टर लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयसारखे वागायला लावते. त्यांतल्या पहिल्या प्रकाराची मर्यादा पुन्हा १६५ मेगाहर्ट्झ. म्हणजे उत्तम पोर्ट असूनही चित्र फुल एचडीवर अडकते. पॅकेटवर ‘फोर-के’ असते पण किती हर्ट्झ ते नसते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘फोर-के ६० हर्ट्झ’ हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. दुसरी गोष्ट दिशेची. डिस्प्लेपोर्टचा लॅपटॉप एचडीएमआय मॉनिटरला जोडणारे अडॅप्टर उलट दिशेने, एचडीएमआय लॅपटॉपपासून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे, काम करत नाही. त्याला वेगळा, यूएसबीतून वीज घेणारा कनव्हर्टर लागतो. मी एकदा नागपुरातून उलट्या दिशेचे अडॅप्टर घेऊन थेट एटापल्लीकडच्या गावात पोहोचलो. दुकानदाराने ‘दोन्हीकडून चालतं’ असे सांगितले होते. लोक तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मोकळा दिवस काढून आले होते. तो दिवस वाया गेला, त्याची हळहळ अजून आहे.

यूएसबी-सी २०१४ नंतरची. २०१६-१७ चे लॅपटॉप आता ‘जुन्या’त जमा होऊ लागले असल्याने ती इथेही भेटते. पण प्रत्येक यूएसबी-सी भोकातून चित्र जात नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची इंग्रजी डी आणि पी गुंफलेली खूण किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर बहुधा जाते. काहीच नसेल तर ते कदाचित चार्जिंग आणि पेनड्राइव्हपुरते असेल.

यातले काहीच नसेल आणि निळ्या जिभेचे यूएसबी ३.० असेल, तर शेवटचा रस्ता डिस्प्लेलिंकचा. यात चित्र-चिपऐवजी प्रोसेसर चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो आणि बाहेरची डबी ते उलगडते. नकाशासारखे फारसे न हलणारे चित्र त्यावर ठीक दिसते. व्हिडिओ अडकतो, पंखा ओरडू लागतो. ड्रायव्हर आधी उतरवून घ्यावा लागतो, म्हणून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवूनच गावात जावे, कारण तिथे गेल्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही.

काही ठिकाणी मॉनिटरऐवजी भिंतीवरचा टीव्ही असतो, ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या डिजिटल वर्गात. त्रेचाळीस इंची फोर-के टीव्हीची ठिपक्यांची दाटी साधारण जुन्या लॅपटॉपएवढीच असते, त्यामुळे अक्षरे लहान होत नाहीत आणि जागा आठपट मिळते. दोन सेटिंग मात्र बदलावी लागतात. टीव्ही चित्राच्या कडा कापून थोडे मोठे करून दाखवतो, ते बंद करायचे. आणि त्या एचडीएमआय जागेचे नाव किंवा प्रकार ‘पीसी’ करायचा, नाहीतर लाल-निळ्या रेषांना घाणेरडी किनार येते. शिवेची रेषा लाल असते, म्हणून हे लगेच नजरेत भरते.

प्रोजेक्टरची सवय सगळ्यांना आहे, पण या कामात तो मला कमी उपयोगाचा वाटतो. कार्यालयांत मिळणारे बरेचसे प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चे असतात आणि दुपारच्या उजेडात पांढरे पडतात. वनहक्काच्या नियमांत गावातल्या जाणत्यांचे लेखी जबाब हा पुरावा मानला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केले की उपग्रहचित्र हा पूरक आधार आहे, इतर पुराव्यांच्या जागी ते येऊ शकत नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी चित्र नीट पाहणे आणि बोलणे हा कामाचा गाभा आहे. मेंढ्यात गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळापासून अभ्यासगट बसवून मग निर्णय घेण्याची रीत पडली. तशा बैठकीत चांगला मॉनिटर जमिनीवर पाटावर ठेवला की पाच-सहा जण भोवती बसतात आणि बोट लावून सांगतात, ‘ही बोडी आमची, तो पहाड पलीकडच्यांचा.’ भिंतीवरच्या फिक्या चित्राला बोट लावायला उठून जावे लागते आणि आपलीच सावली मधे येते.

नावांची गोष्ट इथेच आली. गावे, नाले, पहाड यांची नावे नकाशावर बारीक देवनागरीत छापावी लागतात आणि त्यांतली अनेक गोंडी असतात. विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर रफार, अनुस्वार, वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि चूक तशीच छापली जाते. पडदा दाट झाला की ती बसल्या जागी दिसते. पण याची दुसरी बाजू आहे. सत्तावीस इंची फोर-केवर एका इंचात १६३ ठिपके येतात आणि बटणे मुंगीएवढी होतात. ती १५० टक्के मोठी केली तर उपयोगी जागा पुन्हा २५६० × १४४० एवढीच उरते, फक्त अक्षरे अधिक रेखीव दिसतात. दोन पडद्यांना वेगवेगळे प्रमाण देणे विंडोज ८.१ पासून जमू लागले. विंडोज ७ ला ते येत नाही आणि एका पडद्यावर सगळे ठीक तर दुसऱ्यावर अजस्र होते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ जुने लॅपटॉप नाकारत असेल तर लिनक्स टाकणे हा सरळ उपाय आहे. क्यूजीआयएस त्यावर उत्तम चालते.

या सगळ्या हिशेबातून माझी निवड सत्तावीस इंची २५६० × १४४० ची आहे. इंचात १०९ ठिपके, म्हणजे प्रमाण न बदलता वाचता येतील अशी अक्षरे. तिसऱ्या पिढीचा लॅपटॉपही तो ओढू शकतो आणि चित्र-चिपवर फोर-केच्या निम्म्याहून कमी भार पडतो. पाचव्या पिढीनंतरचा लॅपटॉप आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही असतील, आणि काम वाघांच्या फोटोंचे असेल, तर फोर-के घ्यावा.

भाराचा मुद्दा इकडे किरकोळ नाही. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे म्हणून बनवलेले असतात, मॉनिटर ४० पर्यंत. चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या वर जातो. मोठा पडदा जोडला की चित्र-चिप तापते, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि नकाशा सरकवताना थांबे पडतात. अशा वेळी झाकण बंद करून काम करू नये, कारण काही लॅपटॉपांत उष्णता कीबोर्डातूनही निघते. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या धुळीच्या शहरात पंखा वर्षातून एकदा तरी उघडून साफ करावा आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलून घ्यावा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकावी. आतल्या चित्र-चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅमच वापरते, आणि दोन पट्ट्यांमुळे तिला दुहेरी वाट मिळते. कमी खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

लाईन जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो आणि मॉनिटर विझतो, कारण त्याला बॅटरी नसते. सगळ्या खिडक्या लहान पडद्यावर उड्या मारतात. दोन्ही मिळून ७० वॉटच्या आसपास घेतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवर बॅटरी नुसती यांच्यासाठी वापरली तर दहा-बारा तास सहज निघतात, पंखा-दिवे धरले तर निम्मे. याहून महत्त्वाचे अर्थिंग. लॅपटॉप एका बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, आणि दोन्हीकडे अर्थिंगचा पत्ता नाही, अशा स्थितीत एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडते आणि पोर्ट कायमचे जाऊ शकते. दोघांना एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा आणि केबल जोडून झाल्यावरच स्विच चालू करा. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की सगळे प्लग काढून ठेवा.

दुरुस्तीचा विचार अंतराने करावा लागतो. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद. तिथे केबल बदलून आणायची म्हणजे आठवडा जातो. म्हणून दोन केबल, एक जादा अडॅप्टर आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने लिहिलेले नाव हवे, कुठून कुठे जाते आणि किती हर्ट्झ. केबल दोन मीटरच्या आतलीच घ्या.

आणि मॉनिटर घ्यायला जाताना लॅपटॉप बरोबर न्या. चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागपूर कुठेही जा, पण काउंटरवर स्वतःच्या लॅपटॉपला, स्वतःच्या केबलने लावून पाहा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडले की चालू असलेले रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दोन्ही लिहिलेले दिसतात. ते अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर तिथेच दुसरे अडॅप्टर मागा. पेनड्राइव्हवर आपल्या गावाचा नकाशा नेलेला असला तर आणखी बरे. तो उघडा, सगळ्यात बारीक अक्षरातले नाल्याचे नाव शोधा आणि दोन हात मागे सरकून वाचून पाहा.